वर गेल्यावर बोलता आलं पाहिजे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ज्ञानेश्वरराव, मुख्याध्यापक गोरक्षनाथ सर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, आपले पी.टी.चे आदरणीय अँड्र्यू त्रिभुवन सर, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी क्रिस्टीनाताई, माझे सहकारी, बेलापूरचे ग्रामस्थ आणि सतरंजीवर मघापासून चुळबुळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, सगळ्यांना नमस्कार. मला पाच मिनिटं दिली आहेत. गणिताच्या बाईंना पाच मिनिटं कधी पुरत नाहीत, नववी अ ला विचारा!

पुष्कळांना वाटतं, सर माझे सहकारी. अहो, मी त्यांची विद्यार्थिनी, अगदी पहिल्या वर्षाची. चौतीस वर्षांपूर्वी सर श्रीरामपूरहून सायकल हाणत शाळेत रुजू व्हायला येत होते, आणि आम्ही पोरं उसाच्या ट्रॅक्टरमागं धावत कांड्या ओढत होतो. दुसरं कुणी असतं तर कान पिरगाळले असते. सरांनी सायकल थांबवून विचारलं, "ती सगळ्यांच्या पुढं पळणारी दोन वेण्यांची मुलगी कोण?" ती मी! दुसऱ्या दिवशी मी खो-खोच्या संघात. काय दिवस होते हो ते! खांबाला सूर मारताना गुडघे फुटायचे आणि घरी सांगायचं, वाटेत पडले.

पुढच्या वर्षी आईनं खेळ बंद केला. सर घरी आले. आई, म्हणजे झुंबरबाई, बाजरी निवडत बसली होती. म्हणाली, "सर, आमी दिवसभर रानात राबतो. पोरीला येगळा व्यायाम कशापायी? ते फिट का काय म्हन्त्यात, ते तरी काय असतंय?"

सर म्हणाले, "मावशी, नदीवरनं भरला हंडा घेऊन घाट चढायचा. वर गेल्यावर धाप न लागता बोलता आलं, की माणूस फिट."

"मंग मीच फिट हाय की! जा गं पोरी, खेळ."

इतकी सोपी व्याख्या मला पुढं कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

मग मी शिकले, लग्न झालं, याच शाळेत गणिताची बाई होऊन आले. आणि काय केलं? "सर, पोर्शन मागं राहिलाय, आजचा पी.टी.चा तास देता का?" हसू नका, स्टाफरूममधल्या प्रत्येकानं मागितलाय! सर म्हणायचे, "घ्या मॅडम." माझ्या वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसायचं. फक्कीनं आखून ठेवलेलं, आणि सर एकटेच खांबापाशी बसलेले. मी खिडकी लावून घ्यायचे.

एकदा रेश्मा नावाची मुलगी उभी राहिली. "बाई, गनित आमी घरी करू. पन खेळायला घरी कुनी सोडत न्हाई." मी तिला काय म्हणावं? "खाली बस." माझ्या आईनंसुद्धा मला असं गप्प केलं नव्हतं. लाज वाटते आज.

गेल्या वर्षी एक दिवस दुसऱ्या मजल्यावर नववीच्या वर्गात गेले आणि धाप लागून तोंडातून शब्द फुटेना. टेबल धरून उभी. शुगर वाढलेली, गुडघे कुरकुरत होते, मुलं वाट बघत होती. तेव्हा आईचा हंडा आठवला. माझ्या हातात तर नुसता खडू होता!

सरांना कुणी सांगितलं कोण जाणे. शाळा सुटल्यावर गेटपाशी उभे. इतकी वर्षं मला मॅडम म्हणणारा माणूस म्हणाला, "दिपे, उद्या सकाळी सहाला मैदानावर. खांब शिवून यायचं."

"सर, या वयात?"

"पळत नको, चालत ये."

तेव्हापासून चालतेय, साडी खोचून, बूट घालून. गल्लीतल्या बायकांनी आधी नावं ठेवली. आता त्यांतल्याच चौघी माझ्यासोबत असतात.

आता मुद्द्याचं. सरांच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी वेळापत्रक माझ्याकडे दिलं, "पी.टी.चे तास तूर्त गणित-विज्ञानाला वाटून टाका" म्हणाले. गोरक्षनाथ सर, रागावू नका, सगळ्यांसमक्ष सांगते, मी ते वाटलेले नाहीत. नवे सर येईपर्यंत त्या तासांपुढं मी माझंच नाव लिहिलंय. मला शिट्टी धड वाजवता येत नाही, पण फक्की मारता येते. आणि गणिताचं कुणी तास मागायला आलंच, तर त्या बाईंना मी चांगली ओळखते!

अध्यक्षांनी पाचाची दहा मिनिटं होऊ दिली, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. सर, भाषणातल्या चुका राहू द्या, पण त्या लावलेल्या खिडकीबद्दल मला माफ करा. रेश्मा आज जिथं असेल तिथं, तिनंही करावं.

आणि एक. या व्यासपीठाला सात पायऱ्या आहेत. मी चढून आले आणि थेट बोलायला लागले. सर, तुम्ही बघितलंत ना?