वाटेतलं स्टूल

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बापलेक बसले होते.

"दिवसभर कॉम्प्युटरवर नक्की करतेस तरी काय?"

"जुना कोड सुटसुटीत करते, बाबा. रिफॅक्टरिंग म्हणतात त्याला. एका वेळी एकच बदल करायचा आणि सगळं पहिल्यासारखं चालतंय ना, ते तपासायचं."

"आणि नाही चाललं तर?"

"बदल मागे घ्यायचा."

"मग मी बरोबरच केलं म्हणायचं. स्वयंपाकघरातलं तुझ्या आईचं स्टूल परवा माळ्यावर टाकलं."

"बरं झालं! आई गेल्यापासून सांगतेय. निदान येताजाता ठेच तरी लागणार नाही."

"अगं, पण त्या रिकाम्या जागेलासुद्धा मी वळसा घालूनच जात होतो."

"मग?"

"मग काय, आणून ठेवलं परत तिथंच."