निळी जागा रिकामी होती

टिरोलमधल्या स्कीच्या डोंगराखाली, रोपवेच्या तिकिटाच्या रांगेत आग्नेस उभी होती. तिच्या पुढचं म्हातारं जोडपं अजून धापा टाकत होतं.

"दारासमोर पार्किंगची निळी जागा रिकामी होती, ट्राउडल! डॉक्टरांनी ती अपंगांची पाटी काय शोभेला दिलीय?"

"खुब्याला दिलीय. खुबा म्हणाला, गाडी खालच्या तळावर लाव."

"आणि स्कीचे बूट घालून बर्फातनं एवढा चढ!"

"चढले ना? तू दोनदा थांबलास."

"तुझ्यासाठी थांबलो!"

"बरं बरं. हँडब्रेक ओढला नाहीस ना? मागच्या खेपेला गोठला, तेव्हा थर्मासातला सगळा चहा चाकाला पाजला होतास."

"गिअरमध्ये ठेवलीय. विषय बदलू नकोस. नवा खुबा बसवून वर्ष नाही झालं. वर जा, सूप पी, पाळण्यातनंच खाली ये. कोण हसणारे?"

"मी हसेन. स्की काय शेकोटीला आणल्यात?"

रांग सरकली. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "दोन? जाऊन-येऊन?"

ट्राउडल वाकून बुटाचा पट्टा आवळत होती. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"नुसती वर जायची द्या," तो खेकसला. "उतरायचं आमचं आम्ही बघू."