हाताला लागलेलं झाड

लाकडाच्या वखारीचे मालक डोळ्यांत थेंब घालून, पापण्या मिटून दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी एक नात आजोबांना सांगत होती,

"शिबिरात ताईंनी माझे डोळे बांधून मला एका झाडापाशी नेलं. म्हणाल्या, हातांनी ओळख करून घे."

"मग?"

"लांब आणून पट्टी सोडली. म्हणाल्या, आता तुझं झाड शोध."

"बापरे, अख्ख्या जंगलात?"

"सापडेचना! सगळी सारखीच. शेवटी परत डोळे मिटले, एकेकाला चाचपत गेले. एका खोडावर तीच गाठ लागली, अंगावर काटाच आला! आजोबा, त्यानंही मला ओळखलं असेल का हो?"



"काका, उघडा आता डोळे," नर्स म्हणाली.

"थांबा जरा," वखारवाले कुजबुजले. बाकाच्या फळीतली गाठ नुकतीच त्यांच्या बोटांना लागली होती.