फोडणीचं इंग्रजी

बनुबाई : ‘पान बोलल्याबिगर फोडणी घालायची न्हाई.’ आमच्या आत्याबाईंचं पहिलं सांगणं हे. लगीन हून चुलीपाशी बसले, तवा मागं उभं राहून म्हणाल्या. अजून कानात हाय तो आवाज.

निकिता : म्हणजे माझ्या आजेसासूबाई. पण पान कसलं, आई?

बनुबाई : कढीपत्त्याचं गं. तेल तापलं वाटलं की एक ओलं पान सोडायचं. ते चुर्र बोललं की मग बाकीचं.

निकिता : हेच मला हवं होतं! उद्या वर्गात आवाजाचे इंग्रजी शब्द घ्यायचेत. त्यातला ‘सिझल’ म्हणजे तुमचं हे चुर्र.

सहादेव : तडतड न्हवं?

निकिता : नाही आबा, तडतड मोहरीची. तिला वेगळा शब्द आहे. तापलेल्यावर ओलं पडलं की होतं ते सिझल.

सहादेव : आलं ध्यानात. आपल्या पोरानं, रंगनाथनं, शिर्डीत हॉटेलात नेलं हुतं न्हवं का मला? तिथं एक लोखंडी ताट आलं, चुर्र चुर्र करत, धूर सोडत. मी खुर्चीसकट मागं सरलो. म्हणलं, बाबा, आधी हे इझव, मग वाढ.

निकिता : सिझलर! त्याचंच नाव त्या आवाजावरून पडलंय. कडक उन्हालाही म्हणतात हं. सिझलिंग ऊन.

सहादेव : म्हणत्याल की. मे महिन्यात अंगणात तांब्याभर पानी मारलं की भुई तसंच करती. साहेबाचं अंगण बी आपल्यासारखंच दिसतंय.

बनुबाई : बोलण्यात तेल चाललं माझं. सरा.

निकिता : थांबा आई, भाजीची फोडणी देताय तर मोबाईलवर आवाज घेते. मुलांना ऐकवायला. आबा, आता एक शब्द नाही.

सहादेव : मी कुठं बोलतोय.

निकिता : आबा!... हं. टाका आई... झालं. काय सुरेख आलाय! ऐका.

बनुबाई : लाव की.

निकिता : लावला ना.

बनुबाई : न्हाई लागला. पुन्ना दाब.

निकिता : आबा, तुम्हाला आला?

सहादेव : आला म्हंजी? भूक लागली मला.

बनुबाई : मोबाईलचं काय खरं असतंय. हो बाजूला, भाकरी थापायच्यात मला.

निकिता : आई, आवाज पूर्ण वाढवलाय मी. आणि मघाशी कढईत पान सोडलंत, ते बोललं तेव्हा तुम्ही फोडणी घातलीच नाहीत. बराच वेळ तशाच उभ्या होता. मला वाटलं, माझ्या मोबाईलसाठी थांबलात.

बनुबाई : परात दे गं ती इकडं.

सहादेव : बनू? सूनबाई इचारतीय.

बनुबाई : तुमचं बोलणं येतंय की सगळं ऐकू. घंटा येती, आरती येती. बारीक बारीक तेवढं गेलं. आधी चिमण्या गेल्या. मग घड्याळ. दिवाळी झाली, अन् एक दिवस पान टाकलं तर ते गप. मला वाटलं, शिळं असंल.

निकिता : दिवाळीपासून! आणि बोलला नाहीत?

सहादेव : हात तिच्या! तरीच म्हणलं, मोहरी काळी कोळसा कशी लागती!

निकिता : तुम्हाला कळत होतं, आबा? मग तुम्ही तरी बोलायचं!

सहादेव : हिच्या म्होरं? सोमवार हिचा, गुरुवार हिचा, एकादशी हिची. काय बोलावं तर माझ्या नावानं आनखी एक उपास धरंल, ह्या भ्यानं खाल्ली गपगुमान.

बनुबाई : घरचं करपलं त्याचं मला एवढं न्हाई.

सहादेव : बघ. आमची किंमत बघ.

बनुबाई : थट्टा नगा करू. गुरुवारच्या नैवेद्याचं म्हणतीय मी. दत्ताच्या देवळात आपल्या घरचं ताट जातं, आत्याबाईंपासनं. देवाच्या आधी चाखायचं न्हाई, वास घ्यायचा न्हाई, श्वास पडू नये म्हणून वाकून बघायचं न्हाई. तोंडाला पदर बांधलेला. मग उरतंय काय बाई माणसाकडं? कान. तेवढ्या एका कानाच्या भरवशावर शिजवत आले मी.

निकिता : आणि आता?

बनुबाई : मागच्या गुरुवारी आमटीला धूर लागला. पुजारीबुवा लई गोड बोलले. म्हणाले, ‘थकला असाल, आप्पासाहेबांच्या सुरेखाकडं देऊ का ताट?’ चांगली हाय ती पोर. पण मला घरी येईपत्तोर काय दिसंना.

सहादेव : हे न्हाई सांगितलंस मला.

बनुबाई : सांगून तुमी काय करणार हुता?

सहादेव : भांडलो असतो की बुवाशी.

बनुबाई : म्हणूनच न्हाई सांगितलं.

निकिता : आई, राहुरीला कानाचे डॉक्टर आहेत. एवढंसं यंत्र असतं आता, केसांखाली दिसतही नाही.

बनुबाई : अन् ते घालून सोवळ्यात स्वयपाक करू? बॅटरी कानात ठिऊन?

सहादेव : चष्मा न्हाई का चालत तुझा? अन् पुढचे दोन दात? ते काय सोवळ्यात उगवले?

बनुबाई : अहो!

सहादेव : दत्ताला दात चालत्यात अन् कान न चालायला काय झालं?

निकिता : आबा, हळू. आई, डॉक्टरांचं सावकाश बघू. पण उद्याच गुरुवार आहे. उद्या मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. पान बोललं की सांगते.

बनुबाई : नैवेद्याला मौन असतंय माझं.

निकिता : तुमचं. मी तर बाहेर, सोवळ्यातसुद्धा नाही. एकच शब्द बोलेन.

बनुबाई : कोणता?

सहादेव : ‘टाका’ म्हण की सरळ.

निकिता : शोभेल का? सुनेनं सासूला उंबऱ्यातून ‘टाका’ म्हणून हुकूम सोडायचा?

सहादेव : मग ‘चुर्र’ म्हण.

निकिता : म्हणून बघितलं मनात. हसू येतं. आई, मी ‘सिझल’ म्हणेन. त्यात हुकूम नाही, अहोजाहो नाही. कढईत जे झालं तेवढंच त्यात आहे.

बनुबाई : देवाच्या ताटाला इंग्रजी?

सहादेव : दत्ताला तीन तोंडं हायेत. एकाला तरी येतच असंल.

बनुबाई : हसवू नगा हो, पीठ सांडतंय... बरं. उद्या उभी राहा. पण तुझी शाळा चुकवून रोज दाराशी थांबायचं न्हाई, सांगून ठिवते.

निकिता : मग तुम्हीही एक कबूल करा. नैवेद्य पोचला की कान दाखवायचा.

बनुबाई : बघू.

निकिता : बघू नाही. तुम्ही देवाला बोललेलं कधी मोडत नाही. मला बोललेलं?

बनुबाई : ते बी न्हाई मोडत. जाईन.

(गुरुवारची सकाळ. बनुबाई तोंडाला पदर बांधून चुलीशी. निकिता उंबऱ्याबाहेर, सहादेव ओसरीवर.)

सहादेव : झालं का गं?

निकिता : श्श. पान आत्ताच सोडलंय.

सहादेव : मला बी हितं काय ऐकू येईना.

निकिता : तुम्ही बोलताय म्हणून, आबा. थांबा... थांबा... आई, सिझल!

सहादेव : घातली?

निकिता : घातली. मोहरी बघा कशी फुटतेय. वास आला?

सहादेव : आला. दिवाळीपासनं आज पहिल्यांदा घरात जेवन हाय असं वाटतंय. म्हणू का तिला?

निकिता : नैवेद्य जाऊ दे आधी. आई, ताट भरलंत? तुळशीचं पान मी काढून ठेवलंय, कोनाड्यात. आता सोडा पदर, बोला.

बनुबाई : तुझा तो शब्द बरा हाय गं. जरा पानासारखाच वाजतो.

निकिता : तो ऐकू आला?

बनुबाई : आधी तू हात वर केलास, मग तोंड हाललं, मग आला. आला एवढं खरं.

सहादेव : बघू ताट. अगं, आमटी कशी पिवळीधमक! बुवाला सांग म्हणावं—

बनुबाई : काय सांगायचं न्हाई कुणाला. निकिता, तुला शाळंला उशीर हुईल, जा तू. अहो, माझी पिशवी द्या. अन् खुंटीवरची छत्री.

सहादेव : देवळापत्तोर छत्री कशाला? इथं तर हाय.

बनुबाई : ताट ठिवते, अन् देवळावरनं तशीच राहुरीची गाडी धरते.

निकिता : आजच? आई, थांबा, संध्याकाळी मी येते बरोबर.

बनुबाई : नगं. तू उभी राहिलीस. आता माझी पाळी.

सहादेव : मग बाजारातनं काय आणशील? कढीपत्ता आण.

बनुबाई : कढीपत्ता हाय घरात. त्याचा आवाज मिळाला तर आणते.