एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही

—नाही नाही मॅडम, असं नका लिहू. वय 'साठीच्या वर', तिथं खूण करा, ते खरंय, पण कारणात 'बेफिकिरी' नको—बेफिकिरी वरच्या रकान्यातली, अठरा ते पंचवीस. मी ओळखतो ना त्यांना, एकतीस वर्षं ड्रायव्हिंग क्लास चालवलाय—एका हातात मोबाइल, दुसऱ्यानं केस सावरायचे, मग स्टिअरिंग धरतंय कोण? देव? हसवू नका, तीन बरगड्या मोडल्यात. पट्टा? होता की—म्हणजे पाठीमागून घेऊन अडकवलेला, नाहीतर गाडी टुंग टुंग करत बसते, आणि पट्टा कच्च्या हातांना, आमच्यासारख्या मुरलेल्यांना कशाला? फोन कामाचा होता, एका विद्यार्थिनीचा. तिला तेच समजावत होतो, बाई गं, गाडी चालवताना फोन घ्यायचा नसतो.

नीट लिहा हं, कारण आमची लेक—क्लास आता तीच बघते—म्हणते, बाबा, यापुढे क्लासच्या गाडीत पाऊल टाकायचं नाही. तुमच्या या अपघात-पाहणीच्या फॉर्मवर 'चालकाची चूक नाही' एवढं आलं की तिच्यापुढे ठेवतो. घरी बसून काय करू, भिंती बघू? एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही हो. दोष या नव्या घरच्या गाडीचा—समोर ट्रक थांबला, मी ओरडलो 'ब्रेक', आणि वाट बघत बसलो. कोणाची म्हणजे? सवय हो, जन्म शेजारच्या सीटवर गेला, मी ओरडायचं आणि शिकणाऱ्यानं दाबायचा. हिनं दाबला की, जिवाच्या आकांतानं. ही म्हणजे आमची मंडळी. छे, ती कुठली चालवतेय, शेजारी होती. पूर्वी आम्ही सगळीकडे क्लासच्याच गाडीनं जायचो, तिला शेजारीही एक ब्रेक असतो, मी चालवायचो, ही तिथं बसायची, वेळप्रसंगी दाबायची—मी मागे वळून बोलत असलो, किंवा फोनवर, किंवा जरा डोळा लागला तर... या गाडीत तिथं नुसता पत्रा. तरी दाबत राहिली. दोन्ही घोटे गेले. वेळप्रसंगी म्हणजे किती वेळा? असं कोणी मोजतं का? रोजचंच असायचं ते—

मघाशी नर्सनं मला व्हीलचेअरवरून बायकांच्या वॉर्डात नेलं. शुद्धीवर आली होती. म्हणाली, तुम्हाला लागलं का हो, मी दाबला होता, या खेपेला लागलाच नाही. माझी माफी मागत होती, मॅडम.

नाही, सही नाही करत. फाडा तो फॉर्म. आणि जा आता तुम्ही, जा.