अन्सेल्मोची शेवटची फेरी

सौदीतल्या यान्बू शहरातल्या दवाखान्यात काउंटरवर बसलेल्या सानिकाच्या कानावर मराठी पडलं आणि तिचा हात थांबला. समोर रत्नागिरीकडचे बदरुद्दीन आणि पाय मुरगळलेली त्यांची लेक इफरा बसली होती.

"मी पळणं सोडलं, अब्बा. सगळ्यांसमोर लास्ट आले!"

"अगं, आमच्या प्लांटमधल्या मेक्सिकन इंजिनियरचा पणजोबाही शेवटचाच आला होता. अन्सेल्मो. शंभर वर्षांपूर्वीचा पोस्टमन."

"मग?"

"महिनाभर बोटीतून युरोपात शर्यतीला गेला, तर लोक हसले. घरी येऊन तो डाकेची पिशवी पाठीला बांधून रोज डोंगर चढायला लागला. पळत!"

"सिरियसली?"

"चार वर्षांनी परत गेला. दहा हजार मीटर. शेवटची फेरी, पुढे फक्त दोघं. एकाला गाठलं! दुसऱ्याचा श्वास ऐकू येतोय..."

"टोकन बावीस, इफरा," सानिकाने नाइलाजाने पुकारलं.

"सिस्टर, प्लीज, पुढच्याला घ्या ना! अब्बा, जिंकला?"

"दुसरा आला. हातभर अंतराने हुकला."

"हुकला? मग पुन्हा गेला असेल ना तो?"

"गेला तर!"

इफरा लंगडत थेट काउंटरपाशी आली.

"सिस्टर, डॉक्टरांना विचारा ना, मी परत कधी पळू शकते?"