प्रमिलाबाईचं उसनं नाक

...आणि तुम्हाला सांगतो, लसणाच्या फोडणीला जळक्या टायरचा वास कुणाला येतो का हो? प्रमिलाबाईला यायला लागला! आठ दिवस तापानं निजली, उठली ती हे नाक घेऊन! चहाला रॉकेलचा वास, कोथिंबिरीला साबणाचा, आणि नवरा सुपडू नुसता टकामका बघतोय... कारण सुरतेत कोसाडच्या त्या बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक, ही बाई लूमवर कापड विणणाऱ्यांचे डबे करते ती नाकाच्या जोरावर! चाखणं नाही, बघणं नाही, खोबरं भाजताना पाठ फिरवून उभी, वास आला की उतरवलं! आता तेच नाक फिरलं. तीन दिवस काळा मसाला कच्चा, चौथ्या दिवशी कोळसा! गिऱ्हाईक छगन डबा घेऊन दारात, "मावशी, ही शेवभाजी का डांबर?" बाई पदरात तोंड घालून रडली हो...

डॉक्टर गुजराती. नाकात बॅटरी मारून म्हणतो, "काका, नाक बराबर छे. मगजमां लोचो छे!" आता मगज म्हणजे मेंदू, आणि सुरतेत लोचो म्हणजे गोंधळही आणि सकाळी शेव घालून खातात ती प्लेटही! सुपडू म्हणतो, "साहेब, ती लोचो खातच नाही!"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. म्हणाला, नाकातून मेंदूत बारीक तारा जातात, तापात त्या बिघडल्या, नव्या फुटताहेत त्या उलट्यासुलट्या जुळताहेत. रोज लवंग हुंगा, लिंबू हुंगा, महिने लागतील! सुपडूला एवढंच कळलं, की वास ओळखतो तो मेंदू. मग नाक कशाला दिलंय देवानं? चष्मा टेकवायला?

पण डबे महिनाभर थांबतात होय? बाईनं सुपडूलाच शेगडीशी उभं केलं. "तुम्ही हुंगा. सांगा, कसाना वास यी ऱ्हायना?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? कच्चा, खमंग, का करपट?"

"म्हणजे... वासासारखा वास."

आता वास म्हणजे सांगायचा तरी काय माणसानं? लाल म्हणता येतं, गोड म्हणता येतं, वासाला काय म्हणायचं? कढईतून धूर निघतोय, डोळ्यांतून पाणी, आणि हा आपला "चांगला, चांगला!"

बाईनं गॅस बंद केला. "खरं सांगा. तुमले वास येतो का?"

सुपडूची मान खाली. कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या वाफेत बावीस वर्षं! नाक कधी गेलं, त्यालाच पत्ता नाही.

"मग रोज ताटावर बसून 'काय घमघमाट' म्हणायचे ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून कळायचं ना..."

आता रागवावं का हसावं, बाईला कळेना. आता वास म्हणजे सांगायचा तरी काय आणि विचारायचा तरी कुणाला? शेवटी लेक चंचलनं मोबाइलवर गजर लावून खोबरं भाजायला घेतलं, आणि ही दोघं रोज सकाळी मांडी घालून, डोळे मिटून, लवंगा हुंगताहेत! शेजारच्यांना वाटलं, कुठला पंथ घेतला!

चार महिन्यांनी सुपडू मिलमधून आला, दारात चप्पल काढतोय तोच बाई ओरडली, "आला! वास आला! बरोबर आला!"

सुपडूच्या डोळ्यांत पाणी. "कसला गं? लसणाचा?"

"तुमचा!"

बावीस वर्षं त्या मिलच्या शर्टाची बाईच्या मेंदूला सवय झाली होती, वास असून नसल्यासारखा! आता नाक कोरं करकरीत... काय करता? डबे पुन्हा जोरात सुरू आहेत, मसाला फक्कड जमतोय, फक्त सुपडूचं ताट तेवढं गॅलरीत असतं.